संतोषच्या बापाचं नाव

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारे कुलकर्णी घरी आले आणि म्हणाले, "माने, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं फौजेनं घेतलेल्या परीक्षा, त्याही रडतखडत. ते म्हणाले, "बोलता तसं लिहा. शुद्धलेखन आम्ही बघतो." ठीक आहे. शुद्धलेखन बघा, पण माझी वाक्यं कुणी धुऊन इस्त्री केलेली मला चालणार नाहीत. एवढं आधीच सांगून ठेवतो, मागनं वाद नको.

दुसरी अडचण म्हणजे एका जागी बसणं. फौजेत वीस वर्षं गाडी चालवली, त्यानंतर जयपुरात जी नोकरी केली तीही हिंडण्याचीच. खुर्चीनं आणि मी कधी एकमेकांना मानलं नाही. आमच्या ऑफिसातले मेजर साहेब म्हणायचे, "मानेजी, बैठ जाइए, आपको देखकर मुझे चक्कर आता है." मी बसायचो, आणि त्यांनी मान खाली घातली की उठायचो. हेही लिहिताना चार ओळी झाल्या की दारापर्यंत जाऊन येतोय. आमची मंडळी आतनं ओरडते, "अवं, जरा बूड टेका की, कागद काय पळून चाललाय व्हय?"

तर नोकरी काय होती ते आधी सांगतो. माझी शेवटची पोस्टिंग जयपूरची. मेहुणा इथं रेल्वेत, त्याच्या आधारानं इथंच राहिलो. खटाव तालुक्यातला माणूस वाळवंटाच्या दारात कसा, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर एवढंच. चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, एका लाखेच्या बांगड्या करणाऱ्याच्या माडीवर भाड्यानं दोन खोल्या घेतल्या आणि माजी सैनिकांचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात चिकटलो. हुद्दा कल्याण संघटक. नाव भारदस्त, काम पायाचं.

लोकांना वाटतं फौजी म्हणजे पेन्शन, कॅन्टीन आणि मिशा. पण जवान पस्तिशी-छत्तिशीत घरी येतो, हे कुणाच्या ध्यानात नसतं. तेव्हा त्याची पोरं शाळेत असतात. काही जवान येतच नाहीत, त्यांची सामान भरलेली ट्रंक तेवढी येते. या पोरांसाठी सरकारनं सोय करून ठेवलेली आहे. शाळेसाठी मदत आहे, कॉलेजसाठी शिष्यवृत्ती आहे, काही ठिकाणी जागा राखून ठेवलेल्या असतात, विधवांच्या मुलांसाठी वसतिगृह असतं. सगळं आहे. पण ते आपल्या पायांनी कुणाच्या दारात जात नाही. बस्सी, फागी, चाकसू, त्याच्या पलीकडच्या ढाण्या, म्हणजे शेतातल्या वस्त्या, तिथं जाऊन 'बाई, तुझ्या पोराला हे मिळतं' असं सांगायचं, ही माझी ड्यूटी.

सांगितलं की संपलं असं नव्हतं. एका ढाणीवर माझ्या मिशा आणि खाकी झोळी बघून एका विधवेनं आपली पोरगी कडब्याच्या खोलीत कोंडली. तिला वाटलं, बापाला नेलं तसं आता पोरीला फौजेत न्यायला माणूस आला. मी अंगणात उभा राहून ओरडतोय की वसतिगृहात ठेवायचंय, लढाईला नाही, आणि आतनं पोरगी ओरडतेय, "मां, मैं जाऊंगी!" शेवटी तिनंच आतनं दार ढकललं. एक म्हातारा सुभेदार दर महिन्याला यायचा. नातवंडांना काही मिळत नाही हे त्याला मी किती वेळा सांगितलं. एक दिवस तो हळूच म्हणाला, "नातवाला नाही, तर मला मिळेल का? माझी दहावी राहिलीय." ऑफिसातले सगळे हसले. मी नाही हसलो. माझी तर पाचवी राहिलीय.

या कामातला खरा वैरी म्हणजे नाव. जवान आसामात किंवा काश्मिरात असतो. घरनं पत्र जातं, मुलगी झाली. तो आपल्या युनिटात नोंद करतो, सुनीता. घरी आजी तिला मन्नी म्हणते. शाळेतला मास्तर मनभरी लिहितो. मग पोरगी कॉलेजला निघाली की एकाच पोरीच्या तीन पोरी झालेल्या असतात आणि त्या एकच आहेत हे सिद्ध करायला मी बसनं हिंडतोय. पोरीचं नाव जुळवणं तसं सोपं. सरपंच सांगतो, मास्तर सांगतो, काम होतं. पण एकदा बापाचं नाव जुळेना. तीच गोष्ट सांगायला बसलोय, बाकीचं नुसतं तोंड धुणं झालं.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. जूनचा शेवट, लूच्या गरम झळा चाललेल्या, ऑफिसात कुलर आवाज फार आणि हवा कमी देत होता. एक पोरगी एकटीच आली. शाळेच्या ड्रेसची पांढरी ओढणी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नाव म्हणाली, संतोष. आपल्याकडं संतोष म्हणजे बाप्या, पण राजस्थानात हे मुलीचं नाव असतं. बस्सीच्या पुढच्या गावची. बारावी सायन्स झालेली, नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत नाव आलेलं. नाव आलेलं म्हणजे असं की सर्वसाधारण यादीत जागा मिळणं कठीण, पण ड्यूटीवर असताना वारलेल्या जवानांच्या मुलांसाठी राखलेली जागा नक्की मिळेल. त्यासाठी आमच्या ऑफिसचं प्रमाणपत्र हवं, की ही अमक्या जवानाची मुलगी. जागावाटपाचा दिवस तीन आठवड्यांवर. त्या दिवशी प्रमाणपत्र हातात नसेल तर जागा दुसऱ्याला.

बाबूनं कागद बघितले आणि माझ्याकडं सरकवले. फौजेच्या नोंदीत बापाचं नाव रामकरण. पहाडात बर्फावरनं गाडी घसरून दरीत गेली, त्यात वारलेला. दहावीच्या मार्कलिस्टवर बापाचं नाव गिरधारी.

मी विचारलं, "बेटा, गिरधारी कौन?"

"बापू हैं."

"और रामकरण?"

"वो फोटो में हैं," ती म्हणाली.

अगदी सरळ म्हणाली, लाज नाही, दुःख नाही. मला मात्र एकदम खुर्चीतनं उठावंसं वाटलं. उठलोच.

मेजर साहेब म्हणाले, "मानेजी, मामला नाते का लगता है. गांव हो आइए."

नाता म्हणजे काय ते सांगतो. तिकडे बऱ्याच समाजांत तरुण विधवेला धाकट्या दिराच्या घरात बसवतात. लग्नाचा बँडबाजा नसतो, मोठी माणसं बसतात, चादर घालतात आणि झालं. फौजेला ही चाल चांगली ठाऊक आहे. दिराशी नाता झाला तर विधवेची पेन्शन बंद होत नाही. म्हणजे आईचं सगळं ठीक होतं. पोरीचं अडलं होतं.

दुसऱ्याच दिवशी निघालो. आग्रा रोडनं जाताना तेव्हा बोगदा नव्हता, घाट की गुणीच्या अरुंद वळणांतनं बस जायची आणि एक ट्रक आडवा झाला की सगळं ठप्प. त्या दिवशी झालंच. मी बसमधनं उतरलो, घाट पायी उतरून पलीकडं दुसरी जीप धरली. कंडक्टर ओरडत होता, "ताऊ, टिकट तो पूरा लिया है, बैठ जाओ!" बसलो असतो तर कदाचित तीच बस आधी पोचली असती. पण मला ते जमत नाही.

घर साधं, अंगण शेणानं सारवलेलं, दोन म्हशी. भिंतीवर वर्दीतला फोटो, त्याला चंदनी हार. खाली संतोषची पुस्तकं एकावर एक रचलेली. संतोषची आई भंवरी हातभर घुंघट काढून चुलीपाशी बसलेली. मी काही विचारलं की ती संतोषच्या कानात सांगायची आणि संतोष मला सांगायची. दोन बारकी पोरं माझ्या मिशांकडं बघत उभी होती, ती गिरधारीची आणि भंवरीची. गिरधारी सीतापुऱ्यात कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यात पॅकिंगला होता. संध्याकाळी आला. उंच, हाडाचा माणूस, वय फार तर पस्तीस-छत्तीस, पण चालणं पन्नाशीचं. मला बघून कडक सलाम ठोकला.

मी म्हटलं, "फौजेत होतास?"

"नाही साब. व्हायचं होतं."

मग चहा झाला आणि शाळेतल्या नावाचं कसं झालं ते त्यानं सांगितलं. संतोषला पहिलीत घालायला तो आणि भंवरी गेले होते. पोरगी त्याच्या खांद्यावर. मास्तरांनी भंवरीला विचारलं, मुलीच्या बापाचं नाव? आता बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेणार कशी? आपल्याकडं निदान उखाणा आहे, कविता जोडून का होईना बाई नाव घेते. तिकडं तेही नाही. गेलेला नवरा असो की असलेला, नाव म्हणून घ्यायचंच नाही. भंवरी गप्प. मास्तरांनी दुसऱ्यांदा विचारलं. खांद्यावरच्या पोरीला वाटलं आपल्यालाच विचारलं. तिनं गिरधारीची पगडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "बापू!" मास्तर हसले, त्याला नाव विचारलं, त्यानं सांगितलं, त्यांनी लिहिलं.

"तू का बोलला नाहीस?"

गिरधारीनं म्हशीपुढं वैरण सारली. मग म्हणाला, "शाळेचा पहिला दिवस होता साब. पोरगी खांद्यावर हसत होती. तिच्या डोक्यावर मेलेल्या माणसाचं नाव कसं घेऊ?"

यात चूक कुणाची? मास्तरांची नाही, बाईची नाही, याचीही नाही. मी आजवर शोधतोय. पण बोर्डाच्या कागदावर ती गिरधारीची मुलगी झाली आणि रामकरणच्या मुलीसाठी ठेवलेली जागा तिच्यापासून लांब गेली.

मी त्याला उपाय सांगितला. बस्सीला तहसीलदारासमोर यायचं. ज्यानं नाव लिहवलं त्यानं शपथेवर सांगायचं की मी हिचा बाप नाही, बाप माझा भाऊ रामकरण. हेडमास्तर त्याला दुजोरा देतील. त्यावर तहसीलदार लिहून देईल, त्यावर आमचे साहेब प्रमाणपत्र देतील. बोर्डाची दुरुस्ती मागनं येईल, तोवर चालवून घेतील असं साहेबांनी फोन करून विचारून ठेवलं होतं.

गिरधारी म्हणाला, "नाही."

"अरे, नाही काय?"

"बाकी जे म्हणाल ते करतो. म्हैस विकतो, कर्ज काढतो. हे नाही बोलणार."

"तुझ्या म्हशीचं काय करायचं? सरकार म्हैस मागतंय का?"

"साब, म्हारी छोरी छै," तो म्हणाला. तिकडची बोली मराठी माणसाला आठवड्यात कळते, म्हारी म्हणजे माझी, थारी म्हणजे तुझी. माझी पोरगी आहे. एवढंच बोलला आणि उठून म्हशीला पाणी दाखवायला गेला.

मी चिडलो. मी चिडतो, हे मंडळातल्या लोकांना ठाऊक आहे. त्याच्या मागं गोठ्यात गेलो. म्हटलं, तुझ्या अभिमानापायी पोरगी घरी बसणार, मग तिला पण असंच कुणाच्या तरी घरात चादर घालून बसवणार का? हे बोलायला नको होतं. त्यानं बादली खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. फौजेत मोठमोठ्या साहेबांनी झापलंय, पण तसं कुणी बघितलं नव्हतं.

निघताना संतोष रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी तिला म्हटलं, तू समजाव तुझ्या बापूला. ती म्हणाली, "मी का समजावू? मला जागा नको."

"म्हणजे?"

"बापूचं नाव खोडून मिळणार असेल तर नको. मी गावात बीए करीन."

"गावात कॉलेज कुठाय?"

"मग नाही करणार."

घ्या. एक हट्टी होता, दोन झाले. मी धरून तीन. पण एक सांगतो, रस्त्यावर आल्यावर तिनं खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला आणि तोंड वर केलं तेव्हा डोळे भरलेले होते. नर्सिंगची पुस्तकं तिनं आधीच एका मैत्रिणीकडनं आणून ठेवली होती, भिंतीपाशी रचलेली तीच. तिला जागा हवी होती. फार हवी होती.

घरी आलो तर बसवेना, जेवण जाईना. खाली लाखेच्या भट्टीचा वास, वर मी या खोलीतनं त्या खोलीत. सौ. म्हणाली, "ती काय तुमची लेक हाय का? आन त्या माणसाला 'मी बाप न्हाई' म्हणाया लावताय ते. तुमाला कुणी आपल्या बाळ्याबद्दल असं म्हणाया लावलं तर म्हणाल?"

मी म्हटलं, बाळ्याच्या शिक्षणाचा प्रश्न असता तर म्हटलं असतं.

"म्हणा बरं. म्हणा, बाळ्या माझा न्हाई."

मी तोंड उघडलं. शब्द आला नाही. आमचा बाळ्या पुण्यात नोकरीला, महिन्यातनं एक फोन करतो, वर पैसे संपले म्हणून. तरी आला नाही. सौ. भाकरी थापत राहिली, वर बघितलंसुद्धा नाही.

दिवस निघून चालले होते. मी परत गेलो, गिरधारी घरी भेटला नाही. हेडमास्तरांकडं गेलो, ते बिचारे म्हणाले मी आज लिहून देतो, पण घरचं कुणीतरी बोललं पाहिजे. मेजर साहेब म्हणाले, मानेजी, आपण सांगायचं काम केलं, पुढं त्यांची मर्जी. साहेब बरोबरच बोलत होते. मी 'जी सर' म्हणालो आणि दुपारी सीतापुऱ्याची बस धरली.

कारखान्याच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत गिरधारी भेटला. बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. तो बसला, मी उभा. त्याचे हात कपड्यांच्या धाग्यांनी भरलेले. मी यावेळी काही समजावलं नाही. फक्त सांगितलं, संतोष काय म्हणाली ते. बापूचं नाव खोडायचं असेल तर जागा नको.

त्यानं कप खाली ठेवला. "असं म्हणाली?"

"रस्त्यावर म्हणाली. आणि रडली."

"मला नाही सांगितलं."

"तुला कशी सांगेल?"

मग त्यानं आपण होऊन सांगायला सुरुवात केली. रामकरण गेला तेव्हा तो एकोणीसचा. जयपूरला भरती यायची होती, रोज पहाटे आग्रा रोडवर पळायचा, भावानं सुट्टीवर येताना आणलेले बूट घालून. तेरावा झाला आणि मोठी माणसं बसली. "मला कुणी विचारलं नाही. भंवरीलाही विचारलं नाही. पण पोरीनं त्या दिवशी पगडी धरली ना साब, तेव्हा मला वाटलं, निदान हिनं तरी मला आपल्या मर्जीनं निवडलं." कारखान्याचा भोंगा झाला तसा तो उठला. "मंगळवारी सुट्टी घेतो. बस्सीला येतो. पण साब, तुम्ही घाई करू नका माझी."

मी कबूल केलं. माझ्यासारख्याला हे कबूल करणं किती जड गेलं ते घरची मंडळीच सांगेल.

मंगळवारी बस्सीच्या तहसीलीत आम्ही पाच जण. गिरधारी धुतलेल्या धोतरात, डोक्याला नवा साफा. भंवरी घुंघटात. संतोष भिंतीकडं तोंड करून उभी. हेडमास्तर आणि मी. तहसीलदार तरुण पोरगा होता, पण तुसडा नव्हता. समोरचा कागद वाचून म्हणाला, "हां गिरधारीजी, बोलिए. लड़की का पिता कौन है?"

गिरधारी उभा राहिला. सावधानमध्ये, टाचा जुळवून. ओठ हलले. काही आलं नाही.

"बोलिए. आप पिता नहीं हैं, यही कहना है न?"

पुन्हा काही नाही. माझा पाय जमिनीवर आपटायला लागला होता, मीच बोलून टाकावं असं वाटत होतं. हेडमास्तरांनी माझी बाही ओढली. तहसीलदारानं पेन खाली ठेवलं आणि घड्याळाकडं बघितलं. बाहेर दुसरे लोक थांबले होते. गिरधारीच्या डोळ्यांतनं पाणी साफ्याच्या टोकावर पडलं आणि तो अजून सावधानमध्येच. मला कळलं, हा माणूस संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील आणि ते वाक्य म्हणणार नाही.

तेवढ्यात मागनं आवाज आला. "लिखो."

मी आवाजच ओळखला नाही, कारण ऐकलाच नव्हता. भंवरी पुढं आली होती. घुंघट तोंडावरच होता, पण आवाज स्वच्छ.

"लिखो. रामकरण. ईं छोरी को जनम देबाळो बाप रामकरण. अर पाळबाळो बाप गिरधारी." जन्म देणारा रामकरण, सांभाळणारा गिरधारी. दोन नवऱ्यांची दोन नावं, एका दमात.

हेडमास्तरांच्या तोंडाचा आ झाला. ते त्याच भागातले, त्यांना ठाऊक होतं आत्ता काय झालं ते. गिरधारीनं वळून तिच्याकडं बघितलं. संतोषही वळली. तहसीलदारालाही कळलं असावं, त्यानं पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, "मां का बयान काफी है. पिता का नाम हम मां के बयान पर लिख देंगे. गिरधारीजी, आप सिर्फ संरक्षक की जगह दस्तखत कर दीजिए." गिरधारीनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर कोरत. 'मी बाप नाही' हे त्याला म्हणावं लागलं नाही आणि पुढंही कधी त्यानं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

बाहेर आल्यावर भंवरी पुन्हा होती तशी. मी म्हटलं, बाई, कमाल केलीस. तिनं संतोषच्या कानात काहीतरी सांगितलं. संतोष म्हणाली, "मां कहती है, भैंस दुहने का टाइम हो गया."

प्रमाणपत्र झालं. मेजर साहेबांनी सही करताना मला बसायला सांगितलं, मी बसलो नाही.

जागावाटप जयपुरातच होतं, एका कॉलेजच्या मोठ्या हॉलमध्ये. माझं खरं तर तिथं काही काम नव्हतं, तरी गेलो. खुर्च्यांच्या रांगा, पोरी, त्यांचे बाप, मामे, पाण्याच्या बाटल्या. स्टेजवर तीन-चार साहेब आणि एक बाई माईकवर नावं पुकारत होती. मुलीचं नाव, बापाचं नाव. पुकारलं की उठायचं, पुढं जायचं, कॉलेज निवडायचं. नाव पुकारून कुणी उठलं नाही तर पुढचं नाव. त्यांनी आधीच सांगितलं होतं, थांबणार नाही.

मधे संतोष, तिच्या एका बाजूला गिरधारी, दुसऱ्या बाजूला मी. तास गेला. माझे गुडघे उडत होते. राखीव जागांची यादी सुरू झाली.

"संतोष, पुत्री स्वर्गीय रामकरण."

कुणी उठलं नाही.

मी संतोषकडं बघितलं. ती स्टेजकडं बघत, आपली पाळी यायची आहे अशा चेहऱ्यानं बसलेली. हॉलमध्ये संतोष नावाच्या पोरी पुष्कळ होत्या, ती बापाच्या नावावर कान ठेवून बसली होती. आणि ते नाव तिला कुणी आजवर लावलंच नव्हतं. ती गिरधारीचं नाव यायची वाट बघत होती.

"संतोष, पुत्री स्वर्गीय रामकरण," बाई पुन्हा म्हणाली. "हैं क्या?"

मी अर्धा उठलो होतो, ओरडणारच होतो. गिरधारीनं संतोषच्या पाठीमागनं हात लांबवून माझ्या खांद्यावर ठेवला आणि मला खाली बसवलं. तो हात जड होता. मग तो तिच्याकडं वाकला. साफ्याचं टोक तिच्या ओढणीवर आलं.

"ऊठ बेटा," तो म्हणाला. "थारा बापू को नांव बोल्यो छै."

संतोष उठली. मी बसून राहिलो.